थरथरते इंजिन आणि पिवळा दिवा

कारखान्यातून मोटार जशी आली तशीच ती वापरण्यात ज्यांचे समाधान होत नाही, असा एक उत्साही वर्ग प्रत्येक शहरात असतो. आणि पुणे, कोल्हापूर, नाशिक किंवा ठाणे येथील एखाद्या मोठ्या गॅरेजात अर्धा तास बसून राहिले, तर या वर्गाच्या हौसेचे आणि त्या हौसेच्या परिणामांचे दर्शन एकाच वेळी घडते. कोणी कंपनीची हवेची पेटी काढून तिच्या जागी शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर बसविलेला असतो, कोणी सायलेन्सरची नळी रुंद करून घेतलेली असते, कोणी इंजिनाच्या संगणकातील इंधनाचे आणि ठिणगीचे कोष्टक नव्याने लिहवून घेतलेले, म्हणजे बोलीत ‘रीमॅप’ केलेले असते; आणि हौसेपोटी नव्हे तर पेट्रोलच्या भावापुढे हात टेकून ज्यांनी सीएनजीचे किट बसविले, त्यांची संख्या तर या सर्वांहून मोठी असते. ही शेवटची मंडळी स्वतःस गाडीत फेरफार करणारे समजत नाहीत. परंतु इंजिनाच्या दृष्टीने पाहिले तर सर्वांत मोठा फेरफार त्यांचाच असतो, कारण ज्या इंधनासाठी ते यंत्र घडविले गेले ते इंधनच त्यांनी बदललेले असते.

काही महिने सुखाने जातात आणि मग तक्रार सुरू होते. सिग्नलला उभी असताना गाडी थरथरते, आरपीएमचा काटा स्थिर राहत नाही, एसी लावताच इंजिन आता बंद पडेल अशी धास्ती वाटते, आणि एके सकाळी डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा उजळून तसाच राहतो. गॅरेजच्या भाषेत याला ‘स्लो बसत नाही’ किंवा ‘मिसिंग मारते’ असे म्हणतात. अशा गाडीचा मालक बहुधा दोन टोकांपैकी एक गाठतो : एक तर तो दिव्याकडे काणाडोळा करतो, नाही तर एकामागून एक सेन्सर विकत आणून बदलीत सुटतो. दोन्ही मार्ग खर्चाचेच आहेत. मूळ अवस्थेतील गाडीचा तपास आणि फेरफार केलेल्या गाडीचा तपास यांत एक मूलभूत अंतर आहे, आणि ते ध्यानात घेतल्याशिवाय चांगला मिस्त्रीही चकतो. इंजिनाचा संगणक प्रत्येक निर्णय काही गृहीतांवर घेतो : हवेची नळी अमुक व्यासाची आहे, इंजेक्टर अमुक वेळात अमुक इंधन सोडतो, सायलेन्सरच्या सांध्यांतून बाहेरची हवा आत येत नाही. फेरफाराने यांपैकी एखादे गृहीत मोडते, आणि संगणक मात्र जुन्याच समजुतीने हिशेब करीत राहतो. यास्तव दिवा लावताना संगणक जो दोषाचा कोड नोंदवितो तो म्हणजे केवळ फिर्याद होय. फिर्यादीने ज्याचे नाव घेतले त्याला पकडून आणण्यापूर्वी पंचनामा करावा लागतो.

कायद्याची बाजू आधीच सांगून टाकणे बरे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये निर्मात्याने ठरविलेल्या मूळ तपशिलात बदल करण्यास सामान्यतः मनाई आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणेच लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा फेरफारामागे मालकास पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. सीएनजी किट मान्यताप्राप्त असेल आणि आरसी बुकात त्याची नोंद झाली असेल तर प्रश्न नाही. नोंद नसलेल्या किटाचा तोटा दंडापुरताच मर्यादित राहत नाही : अधिकृत केंद्र अशा गाडीला हात लावण्यास नाखूश असते, आणि मग दुरुस्तीसाठी ज्याने ते किट चोरून बसविले त्याच्याच दारी पुनःपुन्हा जावे लागते.

दिव्यांची भाषा थोडक्यात अशी. तेलाच्या दाबाचा किंवा इंजिनाच्या तापमानाचा लाल दिवा लागला, तर गाडी सुरक्षित जागा पाहून तत्काळ थांबवावी आणि इंजिन बंद करावे. ‘गॅरेजपर्यंत तर जाऊ’ या विचाराने पुष्कळ इंजिने कायमची निकामी झाली आहेत. इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा स्थिर असेल, तर गाडी जपून चालवीत नेता येते आणि दोन-चार दिवसांत तपासणी करावी. परंतु हाच पिवळा दिवा लुकलुकू लागला, तर एखाद्या सिलिंडरात इंधन न जळताच बाहेर पडते आहे असे समजावे. ते न जळलेले इंधन सायलेन्सरमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते, आणि त्या उष्णतेने आतील जाळीदार वीट वितळू शकते. एका प्लगच्या किंवा कॉइलच्या कंजुषीपायी कितीतरी पट महाग असा हा भाग हातचा जातो. म्हणून लुकलुकता दिवा दिसताच वेग उतरवावा, जोर देऊ नये, आणि शक्य तितक्या लवकर गाडी थांबवावी.

आपल्याकडे एप्रिल २०१३ पासूनच्या नव्या गाड्यांत ओबीडी-२ ही स्वयंतपासणीची व्यवस्था आलेली आहे. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचे एक सॉकेट असते; त्यात बसणारे ब्लूटूथचे लहानसे उपकरण आणि मोबाइलवरील एखादे अॅप एवढ्या सामग्रीवर घरबसल्या निम्मा तपास होतो, आणि ज्याने गाडीत फेरफार केला आहे त्याने हे उपकरण बाळगलेच पाहिजे असे माझे स्पष्ट मत आहे. स्कॅनर लावल्यावर पहिला मोह होतो तो कोड पुसून टाकण्याचा. तो आवरावा. कोड नोंदला गेला त्या क्षणी आरपीएम किती होता, इंजिन तापले होते की थंड होते, त्यावर भार किती होता, इंधनाची दुरुस्ती किती टक्के चालली होती, हा सर्व दस्तऐवज संगणकाने ‘फ्रीझ फ्रेम’ या नावाने जपून ठेवलेला असतो, आणि कोड पुसताच तोही नाहीसा होतो. आधी तो वहीत उतरून घ्यावा किंवा मोबाइलवर त्याचे छायाचित्र घ्यावे. शिवाय संगणक बहुतेक दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत आढळल्याखेरीज दिवा लावीत नाही. तोपर्यंत ते ‘पेंडिंग’ या सदरात पडून असतात. दिवा लागलेला नसतानाही गाडी थरथरत असेल तर या सदरात डोकावून पाहावे.

आता पंचनामा. पहिला प्रश्न कोडाविषयीचा नसून मालकाविषयीचा आहे : गाडीत शेवटचा बदल कोणता झाला, आणि थरथर त्याच्या आधीची की नंतरची? या प्रश्नाचे नेमके उत्तर देणारा मालक विरळा. म्हणून प्रत्येक फेरफाराची तारीख, किलोमीटर आणि काम करणाऱ्याचे नाव लिहिलेली एक नोंदवही गाडीत असावी, आणि काढलेले मूळ भाग भंगारात न देता माळ्यावर ठेवलेले असावेत. मूळ हवेची पेटी परत बसविण्यास अर्धा तास लागतो. पेटी बसविताच थरथर थांबली, तर पुढचे सगळे प्रश्न आपोआप गळून पडतात. एका वेळी एकच बदल मागे घ्यावा आणि दोन दिवस गाडी चालवून पाहावी. घाईने तीन गोष्टी एकदम बदलणाऱ्याची गाडी कदाचित बरी होते, परंतु ती कशामुळे बरी झाली हे त्याला कधीच कळत नाही, आणि तीच तक्रार उद्भवली की तो पुन्हा अंधारात असतो.

थरथर खरोखर इंजिनातच आहे ना, हेही पाहून घ्यावे. स्कॅनरवरचा आरपीएम स्थिर असेल, मिसफायरची, म्हणजे इंधन न जळता गेलेल्या खेपांची, मोजणी शून्य असेल, आणि तरीही आसन हादरत असेल, तर इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर बसलेले असते ते फाटलेले असण्याचा संभव अधिक. शर्यतीच्या हौसेने कठीण पॉलियुरेथेनची माउंटिंग बसविली असतील, तर ती थरथर दोष नसून त्या वस्तूचा स्वभावच आहे. तीव्र कॅमशाफ्ट बसविलेल्या इंजिनाबद्दलही हेच : त्याच्या झडपा एकमेकींच्या वेळेवर अधिक काळ उघड्या राहतात, त्यामुळे ते मंद गतीवर खडखडणारच.

यानंतर हवा. बहुतांश तक्रारींचे मूळ येथेच सापडते, म्हणून हा भाग जरा सावकाश पाहू. आत शिरणारी हवा संगणक दोन पद्धतींनी मोजतो. काही गाड्यांत फिल्टरनंतरच्या नळीत तापलेल्या तारेचा एमएएफ सेन्सर असतो आणि तो वाहती हवा प्रत्यक्ष मोजतो. इतर पुष्कळ गाड्यांत, विशेषतः आपल्याकडील लहान पेट्रोल गाड्यांत, एमएपी सेन्सर असतो. तो मॅनिफोल्डमधील, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांतील, दाब सांगतो आणि त्यावरून संगणक हवेचे अनुमान करतो. आपल्या गाडीत कोणता आहे हे जाणून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण एकच गळती या दोन प्रकारांत निरनिराळी लक्षणे दाखविते. एमएएफच्या गाडीत सेन्सरच्या पुढे एखादी नळी चिरली, तर न मोजलेली हवा आत येते, मिश्रण पातळ होते, आणि पी ०१७१ हा कोड येतो. एमएपीच्या गाडीत मात्र तीच गळती दाबात दिसते, संगणक तिला साजेसे इंधन सोडतो, आणि मिश्रण फारसे न बिघडता इंजिन आपोआप जास्त गतीने फिरू लागते. संगणक थ्रॉटल मिटवीत जातो, आणखी मिटविणे अशक्य झाले की पी ०५०७ नोंदवितो, आणि काटा वर-खाली झुलत राहतो. मॅनिफोल्डमधील दाबाने एक फुकटची चाचणीही होते. चावी फिरवून इंजिन सुरू न करता एमएपीचा आकडा वाचावा : तो त्या गावच्या हवेच्या दाबाइतका असला पाहिजे, म्हणजे मुंबईत १०० किलोपास्कलच्या आसपास, पुण्यात ९५ च्या जवळ, आणि महाबळेश्वरी ८६ च्या घरात. आकडा याहून फार निराळा असेल तर सेन्सर किंवा त्याची तार संशयास्पद समजावी. नंतर तापलेले इंजिन मंद गतीवर चालू असताना हाच आकडा साधारणतः तीस ते चाळीसच्या दरम्यान उतरतो. तो पन्नासावर रेंगाळत असेल तर गळती, झडपांचा दोष, चुकलेले टायमिंग यांपैकी काहीतरी आहे.

गळतीची दुसरी खूण इंधनाच्या दुरुस्तीत, म्हणजे ‘फ्यूएल ट्रिम’मध्ये सापडते. पेट्रोल पूर्णपणे जळण्यास वजनाने एका भागामागे सुमारे १४.७ भाग हवा लागते. ऑक्सिजन सेन्सरचा अहवाल पाहून संगणक इंधन वाढवितो किंवा घटवितो, आणि ती वाढ-घट टक्क्यांत दाखवितो. तात्पुरती आणि दीर्घकालीन अशा दोन्ही दुरुस्त्यांची बेरीज करावी. ती अधिक-उणे दहाच्या आत असेल तर चिंता नको. मंद गतीवर बेरीज अधिक वीस, परंतु २५०० आरपीएमवर ती अधिक तीन-चारवर येत असेल, तर गळतीची जवळजवळ खात्रीच बाळगावी. कारण फटीतून येणारी हवा तेवढीच असते, पण इंजिन थोडी हवा घेत असताना तिचा वाटा मोठा ठरतो. याउलट वेग आणि भार यांबरोबर अधिकचा आकडा चढतच जात असेल, तर पेट्रोलचा पंप, त्याचा फिल्टर किंवा मळलेला एमएएफ यांकडे वळावे. आकडा उणे वीसकडे गेला असेल तर इंधन जास्त येते आहे : गळका इंजेक्टर, टाकीतील वाफा इंजिनाकडे सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडाच अडकलेला, किंवा जास्त क्षमतेचे इंजेक्टर बसवूनही संगणकाला न सांगितलेले. येथे एक पोटभेद ध्यानात ठेवावा. २०२३ नंतर हळूहळू सर्वत्र आलेल्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला हवा कमी लागते, म्हणून दहा टक्क्यांच्या पेट्रोलवर लिहिलेला रीमॅप आज चार टक्क्यांच्या आसपास अधिक दाखवू लागला, तर तेवढ्यासाठी कोणालाही दोष देऊ नये.

उघड्या शंकूच्या फिल्टरविषयी मला फारसा आदर नाही, हे कबूल करतो. वाहतुकीच्या कोंडीत तो बोनेटखालची तापलेली हवा ओढतो, त्याच्या नळीचा व्यास बदलला की एमएएफचा हिशेब चुकतो, आणि तेल लावून वापरण्याच्या जातीचा असेल तर त्याचे तेल उडून सेन्सरच्या तारेवर पुट चढते. आवाज मात्र गोड येतो. तार साफ करायची झाल्यास एमएएफसाठीच मिळणारा फवारा वापरावा, कार्ब्युरेटर क्लीनर नव्हे, आणि तारेला बोट किंवा कापूस लावू नये. थ्रॉटल बॉडीवरचा कार्बन पुसतानाही तिची पाकळी हाताने जोराने ढकलू नये. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलचे दातेरी चाक त्यात मोडते. सफाईनंतर काही गाड्यांत मंद गती पुन्हा ‘शिकवावी’ लागते, आणि ते न केल्यामुळे सफाईनंतर गाडी अधिकच थरथरू लागली अशी तक्रार वारंवार ऐकू येते. गळतीची जागा शोधण्यासाठी तापलेल्या इंजिनावर पेट्रोलजन्य फवारे मारण्याची रीत आगीला निमंत्रण देणारी आहे. धूर सोडून पाहण्याचे यंत्र ज्या गॅरेजात आहे तेथे थोडे पैसे द्यावेत. ब्रेक बूस्टरची नळी, पीसीव्हीची नळी, तेल भरण्याच्या झाकणाचे रबर, आणि नव्याने छिद्र पाडून बसविलेली प्रत्येक तोटी या जागा आधी पाहाव्यात.

छिद्र म्हटले की सीएनजी आलेच. सिक्वेन्शियल किट बसविताना मॅनिफोल्डच्या प्रत्येक शाखेला भोक पाडून गॅसची तोटी बसवितात, दाब मोजण्यासाठी व्हॅक्यूमच्या नळीला टी जोडतात, आणि पेट्रोल इंजेक्टरच्या तारा कापून त्यांत किटची तारजोडणी घालतात. यांतील प्रत्येक ठिकाण भविष्यातील दोषाचे माहेर आहे. एका शाखेची तोटी ढिली झाली तर फक्त त्या सिलिंडराचे मिश्रण पातळ होते आणि पी ०३०२ किंवा पी ०३०३ यांसारखा एकाच सिलिंडराचा कोड येतो. अशा वेळी प्लग बदलून काहीच साधत नाही. म्हणून पहिली चाचणी सर्वांत सोपी करावी : दोन-तीन दिवस गाडी केवळ पेट्रोलवर चालवावी. थरथर गॅसवरच असेल तर किट, दोन्हींवर असेल तर इंजिन, आणि फक्त पेट्रोलवर असेल तर बहुधा वापराअभावी चिकटलेले पेट्रोल इंजेक्टर किंवा दुबळा झालेला पंप. पुष्कळ मालक टाकीत दोन-तीन लिटरच पेट्रोल ठेवतात. परंतु पंप टाकीतील पेट्रोलात बुडूनच थंड राहतो, आणि अनेक गाड्यांत गॅसवर चालतानाही तो फिरतच असतो. टाकी निदान पाव भरलेली असावी आणि दररोज काही किलोमीटर पेट्रोलवर काढावेत.

याहून सूक्ष्म असा एक प्रकार आहे, आणि तो न ओळखल्यामुळे कितीतरी निर्दोष ऑक्सिजन सेन्सर बदलले जातात. गॅसवर गाडी चालत असताना मूळ संगणक पेट्रोलचाच हिशेब करीत असतो, आणि किटचा संगणक त्या हिशेबाला गुणक लावून गॅस सोडतो. हा गुणक चुकून कमी ठेवला गेला, तर ऑक्सिजन सेन्सर मिश्रण पातळ असल्याचे कळवितो, मूळ संगणक दीर्घकालीन दुरुस्ती अधिक वीसपर्यंत चढवितो, आणि ते स्मरणात ठेवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पेट्रोलवर सुरू होते तेव्हा त्याच स्मरणाप्रमाणे वीस टक्के जास्त पेट्रोल ओतले जाते. इंजिन गुदमरते, प्लग काळे पडतात, आणि दोष पेट्रोलच्या बाजूचा आहे असे वाटते. चाचणी अशी : इंजिन पुरते तापवून पेट्रोलवर मंद गतीने चालवावे, इंजेक्टर उघडा राहण्याचा काळ आणि ट्रिम टिपून घ्यावे, मग बटण दाबून गॅसवर न्यावे. किट नीट जुळविलेले असेल तर हे आकडे जवळजवळ हलत नाहीत. ते सरकत असतील तर किट बसविणाऱ्याकडून लॅपटॉपवर नव्याने जुळणी करून घ्यावी, आणि जुळणी मंद गतीवर तशीच रस्त्यावर भाराखालीही करण्याचा आग्रह धरावा; गॅरेजात उभ्या गाडीवर पाच मिनिटांत उरकलेली जुळणी घाट चढताना उघडी पडते.

रिड्यूसरही पाहावा. टाकीत पूर्ण भरल्यावर सुमारे २०० बार दाबाने असलेला गॅस येथे उतरताना अतिशय थंड होतो, म्हणून रिड्यूसरला इंजिनातील कूलंटची ऊब दिलेली असते. कूलंट कमी पडले तर रिड्यूसरवर बर्फ धरतो आणि दाब डळमळतो. भरणा केंद्रातील कॉम्प्रेसरचे तेल गॅसबरोबर येऊन गॅस इंजेक्टरांत साचते, तेव्हा गॅसचा छोटा फिल्टर किटच्या पुस्तिकेप्रमाणे बदलावा. गॅसचा वास आला तर मात्र शोधकार्य स्वतः करू नये : इंजिन बंद करावे, टाकीवरचा व्हॉल्व्ह मिटवावा, आणि अधिकृत केंद्राला कळवावे. टाकीची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी सक्तीची आहे, ही गोष्ट थरथरीशी संबंधित नसली तरी येथे सांगितल्यावाचून राहवत नाही.

गॅसचा शेवटचा आणि सर्वांत छुपा परिणाम झडपांवर होतो. गॅस कोरडा असतो. झडपेची बैठक झिजते, एक्झॉस्ट झडप वर सरकते, आणि टॅपेटमधील फट कमी होत होत नाहीशी होते. मग झडप पूर्ण मिटतच नाही. अशी गाडी तापल्यावर मंद गतीवर मिसिंग मारते आणि वेगात मात्र ठीक धावते, म्हणून संशय ठिणगीवर जातो आणि प्लग-कॉइलचा खर्च वाया जातो. अशा वेळी कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. एका सिलिंडराचा आकडा इतरांहून स्पष्टपणे कमी आला तर टॅपेट सेटिंग तपासावे, आणि लीक-डाउन चाचणीही करावी. हे काम अनुभवी हाताचे आहे, आणि त्यात उशीर केल्यास सिलिंडर हेड उघडण्याची पाळी येते.

ठिणगीचा तपास सोपा आहे. दुसऱ्या सिलिंडराचा कोड असेल तर दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर लावावी आणि कोड पुसून गाडी चालवावी. कोड तिसऱ्यावर गेला तर कॉइल अपराधी, न गेला तर याच रीतीने प्लग हलवून पाहावा. गॅसवर ठिणगी पाडण्यास जास्त व्होल्टेज लागते, म्हणून प्लग लवकर बदलावेत आणि त्यांची फट निर्मात्याच्या मर्यादेत लहान बाजूची ठेवावी. टर्बो इंजिनावर रीमॅप केला असेल तर हीच दक्षता हवी. रीमॅपविषयी एकच सूचना : ज्याने तो केला त्याच्याकडून मूळ फाइल परत घालून मागावी. मूळ फाइलवरही दोष कायम राहिला तर रीमॅप निर्दोष सुटला, आणि मूळ फाइल जपून ठेवलेलीच नाही असे ट्यूनर सांगू लागला, तर त्याच्याविषयी आपले मत काय व्हावे हे सांगण्याची गरज नाही.

तारांकडे बहुतेक दुर्लक्ष होते. मोठ्या आवाजाचा अॅम्प्लिफायर, जादा दिवे, दुहेरी हॉर्न यांच्या तारा जेथे सापडेल तेथे जोडलेल्या असतात, आणि एखाद्या सेन्सरच्या अर्थिंगवरच अॅम्प्लिफायरचा भार टाकलेला आढळतो. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण अग्रावर आणि दुसरे इंजिनाच्या धातूवर ठेवावे. दिवे व एसी चालू असताना आकडा ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा खाली राहावा, आणि स्टार्टर फिरत असताना तो पाव व्होल्टपलीकडे गेला तर अर्थिंगची पट्टी उघडून घासून पुन्हा कसावी. कोकणातील खारट हवेत हे काम दर पावसाळ्यानंतर करणे इष्ट. आणि उंदीर! सोसायटीच्या तळघरात काही दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत एकाएकी दोन-तीन असंबद्ध कोड एकदम आले, तर फेरफाराला दोष देण्यापूर्वी बोनेट उघडून कुरतडलेल्या तारा शोधाव्यात.

सायलेन्सर बदललेल्या गाडीत दोन कोड नित्याचे. हेडरच्या, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या पहिल्या नळ्यांच्या, सांध्यातून गळती असेल, तर धुराच्या दोन झोतांमध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते, पुढचा ऑक्सिजन सेन्सर ती हवा पाहून मिश्रण पातळ असल्याचे खोटेच सांगतो, आणि संगणक निष्कारण इंधन वाढवितो. दुसरा पी ०४२० : कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढला असेल किंवा स्वस्तातला बसविला असेल, तर मागचा सेन्सरही पुढच्यासारखाच वर-खाली हेलकावे खातो आणि हा कोड येतो. यावर उपाय म्हणून मागच्या सेन्सरखाली स्पेसर घालून त्याची जबानी बदलण्याचा धंदा चालतो. तो बेकायदा तर आहेच, शिवाय ज्या साक्षीने पुढील दोष कळायचा तीच साक्ष त्याने कायमची बंद होते. कन्व्हर्टर परत बसविणे हाच मार्ग.

एक जुनी खोड अजून गेलेली नाही. ‘गाडी तापू नये’ म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला काही मिस्त्री आजही देतात. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन, विशेषतः हिवाळ्यातील सकाळी आणि महामार्गावर, योग्य तापमानास पोचतच नाही. संगणक ते थंडच समजून इंधन जास्त सोडतो, गती चढी ठेवतो, सीएनजी किट गॅसवर जाण्यास विलंब करते, आणि पी ०१२८ येतो. स्कॅनरवर कूलंटचे तापमान वीस मिनिटांच्या प्रवासानंतरही ऐंशी अंशांखालीच राहत असेल, तर आधी थर्मोस्टॅट जागेवर आहे का ते विचारावे. तोच आकडा उणे चाळीस दिसला तर सेन्सरची तार तुटली आहे.

पीयूसीची पावती घडी करून कप्प्यात टाकण्यापूर्वी वाचावी. बीएस-४ आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांसाठी मंद गतीवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बनची २०० पीपीएम आहे. मोनॉक्साइड वाढला असेल तर इंधन जास्त जाते आहे. हायड्रोकार्बन एकटाच वाढला असेल तर काही इंधन न जळताच बाहेर पडते आहे, म्हणजे मिसफायर. अल्प शुल्कात मिळणारी ही साक्ष महागड्या यंत्रांच्या तोडीची आहे, अर्थात ज्या केंद्रावर नळी खरोखरच सायलेन्सरात घालतात तेथे.

दोष दूर झाला असे वाटल्यावर कोड पुसावा; परंतु त्याबरोबर संगणकाच्या अंतर्गत चाचण्याही शून्यावर येतात, आणि त्या पुन्हा पूर्ण होईपर्यंत दिवा विझलेला दिसणे याला काही अर्थ नसतो. एक रात्र गाडी थंड होऊ द्यावी, सकाळी सुरू करून काही मिनिटे मंद गतीवर ठेवावी, मग थोडे शहरात आणि थोडे मोकळ्या रस्त्यावर स्थिर वेगाने न्यावी. असे तीन-चार दिवस झाल्यावर ‘रेडिनेस’ या सदरातील सर्व खुणा पूर्ण झाल्या आहेत आणि ‘पेंडिंग’ रिकामे आहे, हे स्कॅनरवर पाहावे. सीएनजीची गाडी असेल तर हा क्रम पेट्रोलवर एकदा आणि गॅसवर एकदा असा दोनदा करावा, आणि शेवटचे ट्रिमचे आकडे नोंदवहीत तारखेसह लिहून ठेवावेत.